उल्केची तबकडी

आमचं वर्कशॉप एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. उत्तरेकडे मोठ्या खिडक्या, तीन टेबलं, आणि खाली शिंप्याचं दुकान. त्याच्या मशीनची खडखड दिवसभर फरशीतून पायांना जाणवते. घड्याळं दादा बनवतो आणि मी ती जुळवते. म्हणजे घड्याळ उताणं, पालथं, उभं, आडवं ठेवून ते किती पुढे पळतं किंवा मागे रेंगाळतं ते बघायचं, आणि आतली एक बारीक दांडी केसभर सरकवून त्याला वळण लावायचं. हे काम संशयी माणसाचं आहे आणि आमच्या घरात संशयी मी एकटीच. दादा मला शंकासुर म्हणतो.

वेधशाळेत दर वर्षी हाताने बनवलेल्या घड्याळांची परीक्षा होते. त्यात दादा दोनदा नापास झाला होता. पुन्हा नापास झालो तर वर्कशॉपला कुलूप लावून भिंतीवरच्या घड्याळांच्या कारखान्यात नोकरी धरीन, असं त्याने वहिनीला सांगून टाकलं होतं. तिने काही मागितलं नव्हतं, हाच आपला भीष्मप्रतिज्ञा करून बसला. बाबांनंतर हे वर्कशॉप त्याने कसं चालवलं ते मी पाहिलंय. ते बंद होईल या विचाराने मी प्रत्येक घड्याळ दोनदा तपासायचे.

या खेपेचं घड्याळ मात्र देखणं होतं. आजोबांच्या काळात असायचं तसं मनगटी क्रोनोग्राफ, फुगीर काच, आत दोन छोट्या तबकड्या, आणि कडेला सेकंदाचा मोठा काटा सुरू-बंद करायची गोल बटणं. मुख्य तबकडी उल्केच्या लोखंडाची होती. दादाने कुठूनतरी तो तुकडा मिळवला, त्याची पातळ चकती कापली आणि आम्लात बुडवली. खोलीभर आंबट, उग्र वास सुटला आणि राखाडी चकतीवर हळूहळू रेघा उमटल्या, एकमेकींना छेदणाऱ्या, सुया सांडल्यासारख्या. त्या रेघा कुणी कोरलेल्या नव्हत्या, लोखंड आकाशात निवत असताना आपोआप पडलेल्या होत्या. दादा घड्याळ मखमलीवरून खाली ठेवेना, म्हणून वहिनीने त्याचं नाव जावईबापू ठेवलं.

जावईबापू माझ्या टेबलावर आले. मी त्यांना टायमिंग मशीनवर ठेवलं. हे मशीन घड्याळाची टिकटिक ऐकतं आणि पडद्यावर रेघ काढतं. रेघ वर चढली तर घड्याळ पुढे, खाली उतरली तर मागे. नवं घड्याळ पहिल्या दिवशी नखरे करतंच, म्हणून मी बाही सरसावून बसले होते.

रेघ सरळ आली. उताणं ठेवलं तरी सरळ, पालथं ठेवलं तरी सरळ. मशीन बिघडलं असणार म्हणून मी गिऱ्हाइकाचं एक जुनं घड्याळ लावून पाहिलं, तर त्याच्या सगळ्या खोडी बरोबर दिसल्या. पुन्हा जावईबापू लावले. पुन्हा पट्टीने आखल्यासारखी रेघ.

दादाला आनंदाचं भरतं आलं. त्याने मला खांद्याला धरून गदागदा हलवलं. वहिनीने खाली जाऊन शिंप्यालाही बातमी दिली. मी हसत होते, पण माझं मन काही मानेना. मी अजून दांडीला हातसुद्धा लावलेला नव्हता.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी, दादा बाहेर गेलेला असताना, मी मागचं झाकण उघडलं आणि दांडी पार शेवटपर्यंत, मंद बाजूला सरकवली. असं केल्यावर घड्याळाने मान टाकायलाच हवी.

रेघ खाली उतरली. मला केवढं बरं वाटलं. मग माझ्या डोळ्यांसमोर ती वळली आणि सरळ झाली.

मशीनची घरघर किंचित जड झाली होती. पंख्याचा आवाज खाली आला होता. फरशीतून येणारी शिंप्याची खडखडही मला सैल वाटली, जणू त्याने पाय जरा हळू मारायला सुरुवात केली होती. मी भिंग काढलं, डोळे चोळले. झोप अपुरी झाली की असं होतं, असं स्वतःला बजावलं, झाकण बसवलं, घड्याळ मखमलीवर ठेवलं आणि तोंडावर पाणी मारायला गेले.

परत आले तर टेबल रिकामं. वेधशाळेची गाडी एक दिवस आधीच आली होती. मखमलीवरचं घड्याळ तयार आहे असं समजून वहिनीने ते पेटीत घालून, सील लावून, उत्साहाने देऊन टाकलं होतं. दांडी अजून टोकालाच होती.

दादा आल्या आल्या मी त्याला सगळं सांगितलं. सील लागलेलं घड्याळ परत मिळत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"दादा, ते मी जुळवलेलंच नाही," मी म्हणाले. "आधीही नाही. ते आपलं आपणच जुळत होतं."

"जुळत होतं ना?"

"हो, पण कशाशी?"

वहिनी आतल्या खोलीत रडत होती, तो तिच्याकडे गेला.

परीक्षा चालू होती तेवढे दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. दादाने कारखान्यात नोकरीची चौकशी केली. मी टेबलावरची हत्यारं पुसून खोक्यात भरायला घेतली आणि प्रत्येक चिमटा आत ठेवताना मला भडभडून येत होतं.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं वेधशाळेच्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसलो, लवकर सटकता यावं म्हणून. सभागृह भरलेलं होतं. निकाल वाचला गेला आणि पहिलं नाव दादाचं आलं. फरक शून्य. गरम पेटीत शून्य, थंड पेटीत शून्य, कुठल्याही कुशीवर शून्य. वहिनी माझ्या गळ्यात पडली. मी हुंदके देऊन रडले, मला कुणाची लाज वाटली नाही. आम्ही जिंकलो होतो. वर्कशॉप वाचलं होतं. दादा पुढे निघाला तेव्हा त्याचा सदरा एका बाजूने बाहेर आला होता आणि तो मला राजासारखा दिसत होता.

तेवढ्यात परीक्षक बाई माझ्या शेजारी येऊन टेकल्या. सडपातळ, चष्मा कपाळावर चढवलेला. घड्याळ जुळवणारी मीच का, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"पहिल्या दिवशी फरक होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचं घड्याळ चांगलंच मागे पडत होतं."

मी पुढे जाणाऱ्या दादाकडे बघत राहिले.

"मग आमचं मुख्य घड्याळ मागे यायला लागलं. तुमच्यापर्यंत आलं आणि थांबलं. बाकी सगळ्यांची घड्याळं त्यामुळे पुढे गेली, सारखीच."

"मग पहिला नंबर कसा दिलात?"

"नियम एकच आहे. मुख्य घड्याळाशी जुळेल ते जिंकतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मला हल्ली दिवस मोठा वाटतो. तुम्हाला?"

व्यासपीठावर दादाच्या मनगटावर घड्याळ बांधलं जात होतं. राखाडी तबकडी दिव्यांखाली चमकली. फोटोग्राफरने मोठा काटा फिरताना हवा म्हणून सांगितलं. दादाने बटण दाबलं.

टाळ्या चालूच होत्या. आधी पावसासारख्या, अस्ताव्यस्त. मग एका बाजूने त्या जमू लागल्या. पुढची रांग, मधली रांग, आमची रांग.

आता सगळं सभागृह एकच टाळी वाजवत होतं.

वहिनी वाजवत होती, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. परीक्षक बाई वाजवत होत्या. मीही वाजवत होते, आणि इतका आनंद मला आयुष्यात झालेला नव्हता.

ताल जरा मंद होता. तळहात भिडायच्या आधी एक क्षण जास्त लागत होता.

दादाने वर पाहिलं. त्याच्या कपाळावर बारीक आठी पडली. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. त्याच्या लक्षात आलं तो क्षण मी इतक्या लांबूनही पाहिला.

त्याने पुन्हा बटण दाबलं. काटा थांबला.

टाळ्या थांबल्या. सगळीकडे हात अर्धवट उघडे होते, माझेही. मला ते खाली घेता येईनात. वहिनीच्या हनुवटीवर एक थेंब लोंबत होता, तो पडत नव्हता.

दादा व्यासपीठाच्या कडेशी आला. रांगेमागून रांग, एकेका चेहऱ्याकडे बघत तो हसला. अंगठा बटणावर होता, आणि त्याला कसलीच घाई दिसत नव्हती.