मागून घ्यायचं राहिलं

त्या दिवशी संकष्टी होती. उपास असला की मला दुपारी झोप येत नाही. अक्षया, माझी मुलगी, बाळाला घेऊन माजघरात पडली होती, म्हणून मी ओटीवर बसून कॅमेऱ्यातले फोटो फोनवर घेतले आणि त्यातला एक आमच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'शिमग्यातला संकासूर आणि माझा नातू सुजय. मी अजून शिकते आहे. काय चुकलं ते मोकळेपणाने सांगा.'

हा ग्रुप चिपळूणच्या हर्षद सरांचा. त्यांचा स्वतःचा स्टुडिओ आहे, पण आमच्यासारख्या नवशिक्यांनाही ते हौसेने शिकवतात. कॅमेरा माझ्या जावयाचा. तो बोटीवर असतो, त्याला सवड नाही, म्हणून कॅमेरा इथेच आमच्या वाडीत, रत्नागिरीजवळ राहिला आणि माझ्या हाती आला. आमचे हे मुंबईला. घरात आम्ही दोघी आणि तीन महिन्यांचं बाळ. रात्रीच्या जागरणांनी दोघींचेही डोळे खोल गेले होते. दिवसभरात थोडा वेळ कॅमेरा हातात धरला की मला बरं वाटायचं. देवाच्या फुलांचे फोटो काढायचे, तुळशीचे काढायचे. माणसाचा असा हा पहिलाच फोटो.

आणि तो मला आवडला होता, खरं सांगते. आमच्या शिमग्यात सोंगं घेऊन नाचणारे खेळे घरोघर येतात, त्यांच्यात हा संकासूर असतो. काळा पायघोळ झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंडावर काळा मुखवटा, त्याला पांढरी दाढी आणि लाल जीभ, कमरेला घुंगुर. पोरं त्याला बघून किंचाळत पळतात, आणि त्याच संकासुराला बायका नवस बोलतात. मीही बोलले होते. अक्षयाचं बाळ सुखरूप झालं तर तुझ्या हातात देईन, असं. नवस फेडायची रीत साधी आहे. जी नवस बोलली आहे तिने मूल त्याच्या हातात द्यायचं. तो ते घेऊन खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जरा नाचतो. मग तिनेच पदर पसरायचा, म्हणायचं, "आमचं आमाला दे," आणि मूल परत घ्यायचं. खळ्याबाहेर त्याचं पाऊल पडायच्या आत.

यंदाही संकासूर आमच्या वाडीतला बाबूच झाला होता. एरवी तो रिक्षा चालवतो. त्याने सुजयला हातात घेतलं आणि कलत्या उन्हाची तिरीप नेमकी त्या काळ्या झग्यावर पडली. मी म्हटलं, "बाबू, हलू नको रे जरा." एक काढला. "आता तोंड थोडं इकडे." आणखी एक. संकासुराने बोलायचं नसतं, तो गप्प उभा राहिला. तेवढ्यात पुढच्या घरी मृदंग वाजला, खेळ्यांनी हाका मारल्या. बाबूने झोपलेलं बाळ ओटीवरच्या गोधडीवर अलगद ठेवलं आणि घुंगुर वाजवत तो पळाला. मी मान खाली घालून फोटो नीट आला का, ते बघत होते.

ग्रुपवर भराभर उत्तरं आली.

"काकू, काळ्यावर काळं असून घड्या दिसतायत! आम्हाला नाही जमत असं."

"टोपीचा शेंडा कापला गेलाय. संकासुराची उंची कमी केलीत, आता तो रागावेल."

यावर सगळ्यांनी हसायची चित्रं टाकली. मग हर्षद सरांचं आलं. "दमयंतीताई, प्रकाश बाजूने घेतलात, शाबास. पोशाखाचं वजन जाणवतंय. एकच सांगतो, बाळ हललंय. त्याचा चेहरा पुसट आलाय. शटरचा वेग वाढवायला हवा होता."

मी फोटो पुन्हा मोठा करून बघितला. सुजयचा चेहरा स्वच्छ होता, पापण्यांचे केससुद्धा मोजता आले असते. आणि बाळ झोपलेलं होतं, हलेल कसं? पण सरांची नजर तयार, माझे डोळे दमलेले. मी 'बरं सर' लिहिलं आणि चंद्रोदयाच्या तयारीला लागले.

तेव्हापासून सुजय रडेनासा झाला.

आधी आम्हाला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या दिवसांनी दोघींना सलग झोप मिळाली. मग लक्षात आलं की तो पीतही नाही. तोंड लावायचा आणि नुसता पडून राहायचा, वाशांकडे बघत. शहरात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, रक्त घेतलं, सगळं ठीक आहे म्हणाले, वजन मात्र उतरतंय. येताना रिक्षात मी त्याची टाळू हुंगली. बाळाच्या टाळूला दुधाचा वास येतो ना... तो नव्हता. धुपाचा होता, आणि वर्षभर पेटीत पडलेल्या कापडाचा.

घरी आले तर फोनवर शमिकाचा निरोप. ग्रुपमधली कॉलेजातली मुलगी. "काकू, फोटो बदललात का? यात बाळ दिसत नाहीये. नुसतं दुपटं आहे."

मी फोटो उघडला. या वेळी मलाही चेहरा दिसला नाही. दुपटं बाळाच्या आकाराचं फुगलेलं, संकासुराचे दोन्ही हात त्याच्याखाली, आणि वर, जिथे चेहरा असायचा तिथे, काळा झगा. त्याच्या घड्या मात्र अगदी स्पष्ट.

संध्याकाळी सरांचाच फोन आला.

"ताई, तो फोटो तुम्ही काढून पुन्हा टाकलात का?"

"नाही हो. तोच आहे."

 "मी शिकवायला म्हणून पहिल्याच दिवशी उतरवून घेतला होता. माझ्याकडेही तसंच झालंय... तुमचा नातू बरा आहे ना?"

 "देवाच्या कृपेने होईल बरा," म्हटलं आणि फोन ठेवला. वळले तर अक्षया दारात उभी. कडेवर सुजय, मान खांद्यावर टाकलेला. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"आई, एक विचारू?"

"विचार गो."

"त्या दिवशी मी आत होते. बाहेर आले तेव्हा हा गोधडीवर होता, मीच उचलला... तू मागून घेतलंस ना याला?"

दिवेलागण झाली होती. मी निरांजन लावायला घेतलं आणि काडी पेटेना. 

तशीच उठून बाबूकडे गेले. तो रिक्षा धूत होता. ऐकून त्याने हातातलं फडकं टाकलं.

"काकी, मना वाटला तुमी मागितलात. मुखवट्यात मृदंगापुढे काय ऐकू येतंय? मी आपला पोर ठेवला आणि पळालो."

"मग आता मागते. तू दे."

"मी कोण देणारा? मी रिक्षावाला. घेतलान त्याने, द्यायचा पण त्यानेच. आणि झगा ग्येला पेटीत, आता पुढच्या शिमग्याला."

पेटी देवळात असते आणि तिची किल्ली गावकर गंगारामभाऊंकडे. गावकर म्हणजे देवाच्या कामाचे मानकरी. त्यांनी आधी मान हलवली. "अंगावरनं उतरलेल्याला परत बोलवीत नाय, वयनी. तशी रीत नाय."

"भाऊ, रीत मीच मोडली. पोराने काय केलं?"

ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. शेवटी म्हणाले, "उद्या देवाला कौल लावू. तो हो म्हणाला तर मग आपण कोण." दुसऱ्या दिवशी मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवा कौल झाला, म्हणजे देवाने हो म्हटलं. मी देवळाच्या पायरीवर बसून रडले, हलकं वाटलं म्हणून. देवाचं दार आपल्यासाठी बंद नसतं, हे मी आयुष्यभर मानत आले.

त्याच संध्याकाळी बाबू झगा घालून आला. शिमग्यात तो येतो तेव्हा सगळी वाडी मागे असते. आज वाजप नाही, पोरं नाहीत. पाणंदीतून नुसते घुंगुर ऐकू येत होते... थांबत, पुन्हा वाजत. एवढ्याशा वाटेला त्याला इतका वेळ का लागत होता, कोण जाणे. खळ्यात तुळशीपुढे दिवा होता. वारा पडला होता, तरी ज्योत आमच्या बाजूला वाकली.

गंगारामभाऊ हळू आवाजात म्हणाले, "जिथं राहिलाय तिथनंच सुरू करा. आधी द्या. मग मागा. आणि वयनी, तो खळ्याच्या कडेला जायच्या आत."

मी सुजयला त्या हातांत दिलं. हात गार होते. अक्षया ओटीच्या खांबाला धरून उभी होती. मुखवट्याची लाल जीभ दिव्यात काळी दिसत होती. मी पदर पसरला.

"आमचं आमाला दे."

तो उभाच. घुंगुर वाजला नाही.

"आमचं... आमाला दे."

मग मुखवट्याच्या आतून आवाज आला. अगदी हळू, रिकाम्या घागरीत कुणी बोलावं तसा.

"कुठला?"

संकासूर बोलत नाही. आमच्याकडे तो कधी बोललेला कुणी ऐकला नाही.  आणि त्या क्षणी मला आठवलं ते अक्षयाचं पहिलं. सातव्या महिन्यात पोटातच गेलेलं, नावसुद्धा न ठेवलेलं. त्याच्यासाठीच तर ती आतल्या आत झिजली होती, त्याच्यानंतरच मी नवस बोलले होते. मी अक्षयाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. उंच टोपी हळूहळू वळायला लागली होती, खळ्याच्या कडेकडे.

"आमचं असेल ते दे," मी म्हटलं. "जे आमचं असेल, ते सगळं दे."

तो वाकला. पदरात वजन पडलं आणि मी खाली बसलेच, इतकं ते होतं. त्याच क्षणी सुजय रडला. असा रडला की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. अक्षया धावत आली, तिने त्याला छातीशी धरलं आणि तो पिऊ लागला, घटाघट, आवाज करत. गंगारामभाऊ तुळशीपुढे आडवे झाले.

बाबूने मुखवटा काढला. घामाने भिजला होता.

"बाबू, तू... कुठला म्हणून का विचारलंस?"

 "काकी, मी तोंड उघडला नाय. देवाशपथ."

सुजय चांगला झाला. गाल भरले, हसायला लागला, डॉक्टर म्हणाले वजन छान आहे. तो फोटो मी न बघताच काढून टाकला. ग्रुपवर लिहिलं, नातू बरा आहे. सरांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. वाटलं, फिटला एकदाचा नवस.

परवा दुपारी अक्षया माझ्याजवळ येऊन बसली. पुन्हा डोळे खोल गेलेले. मी म्हटलं, "आता रात्री झोपतो ना तो?"

"झोपतो गो. शहाणा आहे. एकाच बाजूला पितो आणि झोपतो."

"मग?"

 ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आधी मला वाटायचं दुसरी बाजू भरून येईल, दुखेल. पण सकाळी तीही रिकामी असते, आई. रोज." मग जरा हसली, दमलेली माणसं हसतात तशी. "फार दमते मी. दोघांना पाजल्यासारखी दमते."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला.  तिच्यासाठी अळिवाची खीर करायला घेतली, नेहमीपेक्षा जास्त दूध घालून. रात्री ती झोपल्यावर कपाटातून आणखी एक धुतलेलं दुपटं काढलं आणि पाळण्यात सुजयच्या शेजारी, भिंतीच्या बाजूला, मऊ घडी घालून अंथरलं.

सकाळी दोन्ही ओली होती. मी ती धुतली आणि शेजारी शेजारी वाळत घातली.