भटारखान्याचं दार

तिच्या सासऱ्यांना अख्खं घर ‘कप्तान’ म्हणायचं. खरं तर ते युद्धनौकेवर आचारी होते. पण एक हात कमरेवर, दुसऱ्यात पळी अशा ऐटीत ते असे हुकूम सोडायचे की खऱ्या कप्तानानंही मुकाट्यानं कांदे चिरायला घेतले असते.

नव्वदीला टेकलेल्या कप्तानांची नजर चालली होती. “फार तर महिनाभर,” असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि सुनेनं त्याच दिवशी कंबर कसली. जुन्या युद्धनौकांचे आराखडे काढायचे, सुटे भाग जाड कार्डावर छापायचे, कापून, दुमडून, चिकटवून नौका उभी करायची, हा तिचा धंदाच होता. कप्तानांची नौका केव्हाच भंगारात गेली होती. उरला होता एकच फोटो, तोही उजव्या बाजूचा. डावी बाजू तिनं उजवीसारखीच धरली. नजर जायच्या आत त्यांची नौका त्यांना दाखवायची, एवढंच तिच्या मनात होतं.

काय मजेचे दिवस होते ते! जेवणाच्या टेबलावर तोफा वाळत पडायच्या. नवरा चिमट्यानं शिडी धरायचा, नेमका तेव्हाच शिंकायचा, आणि तोफा घरभर. कप्तान पोट धरून हसायचे.

पंचविसाव्या दिवशी तिनं अर्धवट नौका त्यांच्या हातात दिली. त्यांनी डाव्या बाजूवरून सावकाश बोट फिरवलं.

“सूनबाई, माझ्या भटारखान्याचं दार कुठाय?”

“फोटोत दिसत नाही हो, बाबा.”

“कसं दिसेल? ते या अंगाला होतं. दाराशिवाय मी आत जाऊ कसा?”

“उद्या करते.”

सकाळी पाहते तर दार तिथं होतं. नखाएवढं, बिजागऱ्यांसकट, किंचित उघडं.

“तू लावलंस?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“मी? मला शर्टाची बटणं धड लावता येत नाहीत!”

कापलेला प्रत्येक भाग कार्डात आपल्या आकाराचं भोक मागे ठेवतो. तिनं रद्दीतून सगळी कार्डं बाहेर काढली, एकेक भोक ताडून पाहिलं. दाराचं भोक कुठेच नव्हतं. ती कप्तानांना विचारायला गेली. पण कप्तान त्या दारावरून बोट फिरवत गुणगुणत होते, त्यामुळे तिनं विषय वाढवला नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी नौका पुरी झाली. कप्तानांनी भिंग घेऊन ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. “हीच गं, अगदी हीच!” म्हणत त्यांनी सुनेचे गोंदानं चिकट झालेले हात गच्च धरले. तिलाही हुंदका आवरला नाही. इतका आनंद त्या घरात बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

दोन दिवसांनी नजर गेली. घर धास्तावलं. कप्तान मात्र खिडकीपाशी खुर्चीत मजेत बसले होते.

“आज समुद्र शांत आहे,” ते म्हणाले.

“कुठून दिसतोय, बाबा?”

“दारातून. पण आता लावून घेतो. वारा येतोय.”

ती हसली. मग टेबलाकडे गेली.

दार बंद होतं.

शेजारी कालच आणलेलं कोरं कार्ड होतं. त्याच्या मधोमध एक भोक पडलं होतं. नखाएवढं, माणसाच्या आकाराचं. एक हात कमरेवर, दुसऱ्यात पळी.

कापलेला तुकडा घरात कुठेच सापडला नाही.