चार बोटांची फट

मोटारींच्या वायरिंगमध्ये मी एकवीस वर्षं डोकं घातलंय. बाई बघून मागे फिरलेली गिऱ्हाइकंसुद्धा शेवटी माझ्याच दारात येतात. बढाई म्हणा हवं तर. पण त्या दुपारचं सांगायचं, तर आधी एवढं ठाऊक असलेलं बरं.

जेवून हात धूत होते, तेवढ्यात एक जुनी पांढरी गाडी शेडमध्ये शिरली. चालवणाऱ्या बाई निवृत्त सिस्टर होत्या. सत्तरीच्या असतील, पण पाठ अशी ताठ, की वॉर्डातून फेरी मारताहेत असं वाटावं.

"शेजारच्या सीटची काच फार हळू चढते," त्या म्हणाल्या. "वर पोचतच नाही. दोन ठिकाणी मोटर बदलून झाली. गाडी म्हातारी झाली, सोडून द्या म्हणतात. उद्या मला बहिणीकडे राहायला जायचंय, लांबचा रस्ता आहे."

"सिस्टर, चहा होईपर्यंत काच पळवून दाखवते."

दरवाजाचं आतलं कव्हर काढलं. हातदिवा आत सोडला. गंजाचा आणि जुन्या धुळीचा वास आला. मीटर लावला, तर बॅटरीकडून निघालेली वीज मोटरपर्यंत जेमतेम पोचत होती. बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर हिरवी पडून तुटायला आली होती. दोघांनी मोटरी बदलल्या, पण वायर कुणी बघितली नाही! नवी वायर जोडली. खाचेतली माती काढली, वाळलेलं ग्रीस खरवडून नवं भरलं. मग ऐटीत बटण दाबलं.

काच सुळकन वर निघाली. वर चार बोटांची फट राहिली, आणि ती मंदावली. मोटर कण्हायला लागली.

मी काच मोटरपासून सोडवली. नुसती मोटर भिंगरीसारखी फिरली. नुसती काच हातानं लोण्यासारखी वर गेली. दोन्ही जोडल्या, की पुन्हा तेच. चार बोटं. जणू कुणी वरून धरून ठेवलंय.

आता मला राग आला होता. कान दरवाजाला लावून बटण दाबून धरलं. मोटरच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता... ओढून ओढून घेतलेला श्वास. गंजाचा वास कधी गेला कळलं नाही. स्पिरिटचा वास येत होता.

मी काचेच्या कडेवर बोटं ठेवली. गार लागलं. काच गार असतेच म्हणा.

पण ते मऊ होतं.

हात झटकून मी मागे सरकले. सिस्टर जागच्या हलल्या नव्हत्या.

"सिस्टर... या सीटवर कोण बसायचं?"

"आमचे हे," त्या हळूच म्हणाल्या. "दम्यानं अंथरुणाला खिळले होते. आठ महिने घरी सगळं मी केलं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही." हे सांगताना त्यांची मान वर झाली होती. मग आवाज खाली आला. "शेवटच्या दिवशी याच गाडीतून दवाखान्यात नेत होते. बाहेर धूळ फार. मी काच लावली. ते म्हणाले, थोडी उघडी राहू दे गं... मी म्हटलं, मला कळतं की तुम्हाला? वॉर्डात पेशंटनाही मी हेच म्हणायचे. पोचेपर्यंत..."

शेडमध्ये फक्त तो श्वास ऐकू येत होता. बटणावरून माझं बोट केव्हाच निघालं होतं.

"राहू दे फट," मी म्हटलं. कुठल्याही गिऱ्हाइकाला मी असं कधी म्हटलेलं नाही.

"नाही. काम अर्धवट टाकायची सवय तुम्हाला नसेल, तशी मलाही नाही."

त्या चालकाच्या जागी जाऊन बसल्या. रिकाम्या सीटकडे वळून, घरात बोलावं तसं बोलल्या, "अहो... चुकलं माझं त्या दिवशी. आता तुम्ही म्हणाल तेव्हाच लावते."

आम्ही थांबलो. श्वास लांबत गेला, शांत झाला, आणि थांबला. सिस्टरांनी मान डोलावली, जणू काही ऐकलं, आणि बटण दाबलं.

तीन सेकंद! कोरी करकरीत गाडी असावी तशी काच वर जाऊन घट्ट बसली. दहा वेळा खालीवर करून बघितली. कव्हर लावताना माझी छाती अशी फुगली होती, की भीती कुठल्या कुठे गेली. सिस्टरांनी माझा काळा हात दोन्ही हातांत घेतला. "हे असते तर तुमच्या पाठीवर थाप मारली असती."

सगळ्या काचा लावून त्यांनी गाडी सुरू केली. मी बाहेर उभी राहून बघत होते. शेजारच्या सीटचा पट्टा आपोआप ओढला गेला, रिकाम्या जागेवरून तिरका आला आणि बसला. सिस्टर हसल्या. खरं सांगते, मीही हसले. दोघींनाही आपापल्या कामाचा अभिमानच वाटला.

मग मागच्या सीटचा पट्टा निघाला. त्याच्या पलीकडचाही. दोन्ही ताणले गेले.

सिस्टरांनी आरशात पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. माझ्याकडे वळून त्या काहीतरी सांगू लागल्या, जिवाच्या आकांतानं, पुन्हा पुन्हा तेच. गाडी मात्र पुढे सरकली होती. आणि काच इतकी घट्ट बसली होती, की मला एक शब्द ऐकू आला नाही.