एक हात खिशात

जेवणाच्या सुट्टीआधी तांब्याचे दोन गोळे पुसून ठेवायचे, एवढंच काम होतं. के. आर. पुरमजवळच्या त्या कारखान्यात लाखभर व्होल्टचे मीटर या गोळ्यांवर तपासत. भोवती जाळीचा पिंजरा. आत जाण्याआधी वीज बंद करून लांब दांडा वरच्या गोळ्यावर टांगायचा. दांड्याची तार जमिनीत पुरलेली. चुकून कुणी वीज सोडलीच, तर ती त्या वाटेने जाते, ब्रेकर पडून वीज तुटते, माणूस वाचतो. ज्याने टांगला त्यानेच काढायचा. आणि आत असेपर्यंत डावा हात खिशात, म्हणजे वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीवाटे जात नाही.

विश्वेश्वरने कॉलेज अर्ध्यावर सोडलं होतं, तिथल्या म्हाताऱ्यांचा वीट आला म्हणून. इथेही म्हातारेच नशिबी आले. त्यांतले थोर म्हणजे चामराजपेटेतले जयसिंगराव. पिंजऱ्याचं दार उघडलं की वीज आपोआप तुटावी म्हणून दाराला कळ होती. वेळ जातो म्हणून यांनी ती सुतळीने बांधून टाकलेली.

"अण्णा, सुतळी सोडा. एखाद्या दिवशी मरेन मी."

"स्वल्प दम धर की रे. इतकी वर्षं झाली, मला काय झालं?"

"तुम्हाला नाही. त्रिविक्रमला झालं."

"तो बेफिकीर होता. दांडा टांगला नाही, दोन्ही हात घातले. मरणारच."

विश्वेश्वरच्या आधी हेच काम करणाऱ्या त्रिविक्रमच्या बायकोलाही, कौशल्येला, तिच्या दारात उभं राहून त्यांनी हेच ऐकवलं होतं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, याचा या लोकांना केवढा आधार!

ते जेवायला गेले. विश्वेश्वरने दांडा टांगला, दोन्ही गोळे लख्ख पुसले आणि ट्रान्सफॉर्मरच्या पिंपामागे वाकून तिथली धूळ काढू लागला. वरच्या गोळ्याला वीज नेणारी नळी त्याच्या कानापासून वीतभर.

बाहेर पंखा संथ फिरत होता. मग वहाणा वाजल्या. दांडा काढल्याची खरखर झाली. ओरडायला त्याने तोंड उघडलं, तोवर पिंप घुमायला लागलं...

फटकन ब्रेकर पडला.

पुन्हा घुमलं. पुन्हा पडला. जळक्या हवेचा वास पसरला.

"परत कुणी टांगला रे दांडा?" जयसिंगराव पुटपुटले. दांडा त्यांच्याच हातात होता.

"अण्णा... मी आत आहे."

जयसिंगराव दांड्यासकट आत धावले. विश्वेश्वर पिंपामागून वाकलेलाच बाहेर आला आणि थबकला. वरच्या गोळ्यावर पंजा उमटला होता. आरशावर श्वास सोडावा तसा ओलसर. उजवा.

"तुझाच ना?"

त्याने आपला हात शेजारी धरला. ठसा चांगला बोटभर मोठा होता.

"एकच हात..." जयसिंगराव ठशाकडे बघत म्हणाले. "त्या दिवशीही दांडा मीच काढला होता. तो आत आहे हे पाहिलंच नाही. त्याला उचललं तेव्हा डावा हात खिशातच होता त्याचा... निघता निघेना."

"आणि कौशल्याबाईंना काय सांगितलंत?"

विश्वेश्वरने फडक्याने ठसा पुसला. तो पुन्हा उमटला. परत पुसला, परत उमटला.

शेवटी त्याने म्हाताऱ्याच्या मुठीतून दांडा ओढून घेतला आणि गोळ्यावर टांगला. तेव्हा कुठे ठसा पुसट व्हायला लागला. आधी करंगळी, मग एकेक बोट... कुणी नीट खात्री करून हात उचलावा, तसा.