ब्रेकवरचा हात

ही गोष्ट माझ्या सख्ख्या काकांची आहे. मित्राच्या मित्राची नाही, ऐकीव तर मुळीच नाही. अर्धी काकांनी सांगितलेली, उरलेली मी स्वतः शुद्धीत असताना या डोळ्यांनी पाहिलेली. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी आधीच सांगतो. हे भरदुपारी घडलं. शनिवारी, काकांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

काकू जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

काका जन्मभर कारखान्यात लेथ मशीनवर राबलेले. हट्टी इतके की ब्रह्मदेव खाली आला तरी आधी त्यालाच दोन गोष्टी सुनावतील. पण काकू गेल्यापासून सगळा ताठा उतरला होता. जेवताना दोन ताटं घ्यायचे आणि एक गुपचूप परत ठेवायचे. शेवटी ताई, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, तिच्या घरी कायमचं राहायला चला म्हणून मागे लागली. एकदाचे हो म्हणाले. रविवारी ती न्यायला येणार होती. घराला कुलूप लागणार होतं, आणि त्यांची जुनी मोटरसायकल माझ्याकडे येणार होती.

"पुतण्याला खटारा देऊन गेलो असं नको व्हायला," म्हणून त्यांनी जायच्या आधी नवी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं, बसवायला घेतली.

हे काम ते दर वेळी काकूंना घेऊनच करायचे.

त्याला कारण होतं. चेनच्या पुढच्या टोकाला छोटं स्प्रॉकेट असतं, ते एका मोठ्या नटानं आवळलेलं असतं. नट गाडीच्या डाव्या बाजूला. तो सोडवताना मागचं चाक फिरू नये म्हणून ब्रेक दाबून धरावा लागतो. ब्रेकचं पेडल उजव्या बाजूला. एका माणसाला दोन्हीकडे हात पुरत नाहीत. म्हणून डावीकडे काका पाना घेऊन जमिनीवर, आणि उजवीकडे काकू वेताच्या स्टुलावर, हातानं पेडल दाबून. मध्ये गाडी. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, पण तोंडं चालू असायची.

काका म्हणायचे, "दाब." काकू दाबायच्या. काका "सोड" म्हणेपर्यंत हात काढायच्या नाहीत.

"संसारात एवढंच शिकवलंत मला," काकू म्हणायच्या. "दाब आणि सोड!"

त्या दुपारी काकांचं घोडं पहिल्याच पायरीला अडलं. त्यांनी आधी जुनी चेनच काढून टाकली. चेन नसेल तर पुढचं स्प्रॉकेट मागच्या चाकाला जोडलेलंच राहत नाही, मग ब्रेक दाबून उपयोग काय? नट पान्यासोबत नुसता गरागरा फिरायला लागला. इतक्या वर्षांत ही चूक कधी झाली नव्हती, कारण पलीकडून हटकून आवाज यायचा, "अहो, आधी नट!"

तो आवाज आला नाही, हे त्यांना तेव्हा जाणवलं.

त्यांनी चेन परत चढवली. पेडलला दोरी बांधली. ती सुटली. वीट ठेवली. ती घसरली. मी कामावर होतो, आणि शेजाऱ्याला हाक मारायची म्हणजे काकांच्या जिवावर येणार. कपाळाचा घाम पुसत त्यांनी परत पाना लावला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं...

"दाब गं जरा."

शेडमध्ये काहीच हललं नाही.

मग... पलीकडून वेताचं स्टूल करकरलं.

आणि पेडल खाली गेलं.

गाडीमागच्या पत्र्यावर लाल उजेड पडला. ब्रेकचा दिवा लागला होता.

पण गाडीत बॅटरीच नव्हती. ती त्यांनी सकाळीच काढून आत चार्जिंगला लावली होती.

त्यांनी हळूच वाकून, इंजिनाखालच्या फटीतून पलीकडे पाहिलं.

स्टुलावर कुणी नव्हतं.

पण वेताची बैठक खाली दबलेली होती. कुणी बसल्यावर दबते तशी.

दुसरा कुणी असता तर धूम ठोकून पळाला असता. काकांनी पाना ओढला. नट सैल झाला. घसा खाकरून ते म्हणाले, "सोड."

पेडल वर आलं. दिवा विझला.

मग ते काम करत राहिले. उठून पलीकडे गेले नाहीत. गेलो आणि काहीच नसलं तर, ही त्यांना भीती. मागचं चाक काढलं, मोठं स्प्रॉकेट बदललं, पुढचं बदललं, नवी चेन घातली, तिची टोकं जोडणारं लॉक बसवलं. आणि बोलत राहिले. गॅस संपला तेव्हा काय झालं, ताईचा धाकटा आता कसा बोलतो, काकूंची हिरवी शाल अजून कुणाला दिली नाही, सगळं. पलीकडून अधूनमधून स्टूल तेवढं करकरायचं.

शेवटचं काम राहिलं. पुढचा नट पक्का आवळायचा.

"दाब."

पेडल खाली गेलं. दिवा लागला. नट आवळला गेला.

आता फक्त "सोड" म्हणायचं होतं.

काकांना म्हणवेना.

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा काका डावीकडे जमिनीवर, गाडीला पाठ टेकून बसले होते. पत्रा लाल दिसत होता. मला वाटलं, दिवा चालू राहिलाय. गाडी ढकलून पाहिली. मागचं चाक जाम. उजवीकडे जाऊन पेडल वर उचलायला हात घातला... हलेचना. मी जोर लावला.

"हळू रे," काका ओरडले. "बोटांना लागेल तिच्या."

माझा हात आपोआप मागे आला. मग मला बॅटरीची रिकामी जागा दिसली. आणि ते दबलेलं स्टूल.

मी रात्र घरात काढली, दिवे लावून. काका शेडमध्येच बसले.

सकाळी ताई आली. आधी चिडली, मग रडली, मग वडिलांच्या समोर बसली.

"बाबा, चला. सामान बांधलंय ना?"

"मी येत नाही, बाळा. ती इथं आहे."

"आई गेली, बाबा."

"मग पेडल कुणी दाबलंय?"

ताईनं वाकून पेडलकडे पाहिलं, पत्र्यावरच्या लाल उजेडाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तरी ती बापाचीच लेक. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आईचं मनगट दुखायचं. शेवटी शेवटी पाण्याचा पेला धरवत नव्हता तिला. कालपासून दाबून बसलीये ती. अजून किती वेळ बसवणार आहात?"

लेथसमोर उभा राहिलेला तो दणकट माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. काकू गेल्या तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

ताई उठली. वळसा घालून उजवीकडे गेली. स्टुलाशेजारी गुडघ्यांवर बसली आणि पेडलवर तळहात ठेवला.

"आई, मी आहे इथं. बाबांना मी सांभाळते."

मग तिनं गाडीपलीकडे हाक मारली. "बाबा, सांगा तिला."

काका गाडीकडे वळले.

"सोड गं," काका म्हणाले. "दमलीस. सोड आता."

टक्...

पेडल वर आलं. पत्र्यावरचा उजेड गेला. वेताची बैठक करकरत सरळ झाली. आणि त्याच क्षणी ताईचा हात झटक्यानं मागे आला. ती तोल जाऊन मागे बसली.

काका पलीकडून विचारत होते, "हात लागला का गं तुला तिचा?"

"हो, बाबा."

"गार होता?"

ताईनं क्षणभर डोळे मिटले. "नाही. गरम होता. नेहमीसारखा."

काकांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर, खरं सांगतो, सुटल्यासारखं हसू आलं. त्यांनी हात धुतले, कपडे बदलले आणि निमूटपणे तिच्यासोबत गेले. आता ते तिथं नीट जेवतात, नातवाला सायकल शिकवतात. काकूंचा विषय निघाला की म्हणतात, "छान निरोप झाला आमचा."

मोटरसायकल माझ्याकडे आहे. चेन लोण्यासारखी चालते. पेडल मी दोनदा मेकॅनिककडून उघडून घेतलं. त्याला काहीच सापडलं नाही. बॅटरी नसताना दिवा कसा लागला, हे विचारल्यावर तर तो हसलाच.

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो. पण मागच्या महिन्यात ताई आली होती. जेवण झाल्यावर आम्ही दोघंच बाहेर पायरीवर बसलो होतो. ती आपला उजवा हात डाव्या हातानं चोळत होती. हल्ली ती सारखी तसं करते.

"एक सांगू?" ती म्हणाली. "बाबांना कधी कळू देऊ नकोस."

मी मान हलवली.

"हात गार होता रे. खूप गार. पेडल वर आलं, आणि त्या हातानं माझा हात धरला. घट्ट. आईनं धरला होता, मला बोटं ओळखू आली. जराही दुखवत नव्हती. नुसती धरून होती."

"मग?"

ताई रडायला लागली.

"मी घाबरले. माझ्या आईला घाबरले मी... आणि हिसडा देऊन हात काढून घेतला."