चारशे सतरा नंबरचं घर

बायको गेल्याचं त्याला कळलं, तेव्हा तो सातव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर उभा होता. दोरांना ग्रीस लावणं चाललं होतं. फोन वाजला. तिच्या ऑफिसातली अक्का होती. वयाने मोठी, म्हणून तिला सगळेच अक्का म्हणत.

“दाजी, कुठे आहात?”

“टपावर.”

“आधी खाली या. जमिनीवर या, मग बोलते.”

तेवढ्यावरून तो समजला. अक्का एरवी इकडचं तिकडचं बोलल्याशिवाय मुद्द्यावर येत नसे. तो जिन्याने उतरला आणि प्रत्येक मजल्यावर थोडा थांबला. खाली पोचेपर्यंत तरी कोणी काही सांगितलेलं नसणार होतं.

तिचं काम आजारांच्या पाहणीचं. कोणाला हृदयाचा विकार होतो, कोणाला साखर होते आणि का होते, हे शोधायला डॉक्टरांच्या एका संस्थेने शहरातली बाराशे घरं निवडली होती. दर दोन वर्षांनी त्याच घरांत जायचं, तेच प्रश्न विचारायचे, वजन करायचं, रक्तदाब मोजायचा. रक्तदाब मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसवायचं. बोललं की आकडा चढतो.

त्या दिवशी ती एका म्हाताऱ्या जोडप्याकडे होती. आजोबांच्या दंडाला पट्टा बांधून ती म्हणाली, “आता पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही,” आणि खुर्चीत मागे टेकली. पाच मिनिटं झाली. सात झाली. दहा झाली. आजोबा पट्टा बांधून तसेच बसून राहिले. आजींनी हाताने खूण केली, काय झालं म्हणून, तर आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. ताईंनीच सांगितलं होतं ना, बोलायचं नाही.

त्याची तिच्याशी ओळख झाली ती असल्याच पाच मिनिटांत. अठ्ठावीस वर्षांपूर्वी.

तेव्हा तो तिशीचा होता. आई आणि तो, दोन खोल्या. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून येऊन हातपाय धुतोय तोवर दार वाजलं. खांद्यावर मोठी पिशवी, हातात वजनकाटा, कपाळावर घाम.

“तुमचं घर आमच्या पाहणीत निवडलं गेलंय. चारशे सतरा नंबर. अर्धा तास द्याल?”

“तासही देईन,” तो बोलून गेला. मग कानापर्यंत लाल झाला.

आई म्हणाली, “या ताई, बसा.” गल्लीत सगळे तिला ताईच म्हणत होते. त्याच्या तोंडून मात्र तो शब्द निघेना. वाक्य सुरू करायचा आणि मध्येच वळवायचा.

“पाणी… पाणी हवंय का?”

“कोणाला विचारताय?” ती फॉर्मवरून मान वर न करता म्हणाली.

“इथे बसलेल्यांना.”

“बसलेल्यांना ताई म्हणतात सगळे.”

“सगळ्यांचं ठीक आहे हो…”

तिने मान वर केली, त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला. “सिगारेट ओढता?”

“नाही.”

आत आईच्या हातून झाकण पडलं. ते बराच वेळ जमिनीवर फिरत राहिलं.

“कधीच नाही?”

“छे.”

तिने फॉर्मवर खूण केली. मग पट्टा बांधला आणि पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं. तो तिच्यासमोर बसला. तिची नजर घड्याळावर आणि त्याची तिच्या घड्याळावर, म्हणजे मनगटावर. शाईचा एक डाग होता तिथे. पाच मिनिटं इतकी लांब असतात आणि इतकी लवकर संपतात, हे त्याला त्या दिवशी कळलं.

आकडा चढलेला आला. तिने तीनदा मोजला. तिन्ही वेळा चढलेलाच.

“नेहमी असंच असतं?”

“आजच असावं.”

“कामाचा ताण?”

“काम तर कधीच संपलं…”

तिचे ओठ हलले. ती हसू दाबतेय असं त्याला वाटलं. ती गेली, आणि आई दारात येऊन उभी राहिली. “दिवसाला दहा ओढतोस मेल्या! तिच्यापुढे असा बसला होतास, जसं काही गायीचं वासरू.”

त्यात हसण्यासारखंच होतं. पण पंधरा दिवस त्याला चैन पडलं नाही. ती सांगून गेली होती की या उत्तरांवरून पुढे डॉक्टर ठरवणार आहेत, लोकांनी काय सांभाळायचं ते. आपलं उत्तर खोटं आहे. आणि ते तिच्या अक्षरात लिहिलेलं आहे. शेवटी तो तिच्या ऑफिसात गेला. तिसरा मजला. जाण्यासाठी निमित्त हवं, म्हणून तिथली चांगली चालणारी लिफ्ट त्याने एकदा बंद केली आणि पुन्हा सुरू केली.

ती टेबलाशी फॉर्म लावत बसली होती.

“चारशे सतरा,” तो म्हणाला. “एक उत्तर चुकलंय.”

“कोणतं?”

“सिगारेटचं. ओढतो. दहा. सणकीत असलो तर बारा.”

तिने फॉर्म शोधून काढला, समोर ठेवला. तिच्या गालांवर रंग चढला होता, पण तो रागाचा होता.

“तुम्ही न ओढणाऱ्यांच्या गठ्ठ्यात बसलात. कळतंय का? उद्या तुम्हाला खोकला झाला, तर आम्ही तुमच्या गल्लीतल्या हवेला दोष देऊ. उन्हातान्हात शंभर जिने चढून मी ही उत्तरं आणते, मिस्त्री. गंमत नाही ही.”

“म्हणून तर आलो.”

ती जरा नरमली. जुन्या उत्तरावर तिने एक आडवी रेघ मारली, खाली सही केली. खोडून चालत नसे, आधीचं दिसायला हवं असा नियम होता. मग पेन थांबलं.

“कारण सांगा.”

“कसलं?”

“उत्तर का बदललं, ते इथे लिहावं लागतं. त्याशिवाय दुरुस्ती धरत नाहीत.”

“लिहिण्यासारखं नाही ते.”

“तरी सांगा.”

तो खिडकीबाहेर बघायला लागला. “विचारणारी समोर बसली होती. तिला मी बरा वाटावा… असं वाटलं.”

पलीकडच्या टेबलावर अक्का कागद चाळत होती. ती चाळायची थांबली. त्याच्यासमोर बसलेल्या तिने मात्र खाली वाकून लिहिलं. बराच वेळ लिहीत होती.

“काय लिहिलंत?”

“‘उत्तर देणाऱ्याचा संकोच.’”

“एवढ्याला इतका वेळ?”

“अक्षर नीट काढत होते.” तिने फॉर्म घडी न पाडता बाजूला ठेवला आणि अक्काकडे सरकवला. “आता तुमचं घर ही बघेल. ओळखीच्या माणसाची मुलाखत आम्हाला घेता येत नाही.”

“आपली कुठे ओळख आहे?”

“नाही. पण व्हावी, असं म्हणतेय.”

वर्षभराने दोघांनी लग्नाच्या कागदावर सह्या केल्या. नियमाप्रमाणे घरातलं प्रत्येक मोठं माणूस पाहणीत धरायचं असे, म्हणून तीही चारशे सतरामध्ये आली. ऑफिसात सगळेच तिच्या ओळखीचे, म्हणून तो ओळखीचा नियम सोडून दर दोन वर्षांनी अक्काच येई आणि दोघांना शेजारी शेजारी गप्प बसवी. आई असेपर्यंत तिघांना. बायको आतून हसायची, ते खुर्चीच्या हलण्यावरून त्याला कळायचं.

घरांत फक्त विचारायचं, उपदेश करायचा नाही, अशी तिला शिकवण होती. घरीही ती तशीच वागली. सिगारेट सोड, असं एकदाही म्हणाली नाही. रोज संध्याकाळी विचारायची, “आज किती?” तो सांगायचा. आठ. सात. सहा. दोन वर्षांनी तो सांगायलाच कंटाळला आणि त्याने सोडून दिली. भाजी कशी झाली असं त्याने विचारलं, तर म्हणायची, “उत्तम, चांगली, बरी, वाईट. मी बरीवर खूण करते.” भांडणंही झाली. मोठीसुद्धा. पण खोटं बोलून ती मिटवायची सोय त्या घरात नव्हती.

ती गेल्यावर सहा आठवड्यांनी अक्का आली. पाहणीतलं माणूस गेलं, की जवळच्या माणसाला शेवटच्या दिवसांबद्दल विचारायचं असतं. अक्काने पेन काढलं, पुन्हा पिशवीत ठेवलं.

“दाजी, आज नको असेल तर—”

“विचारा.”

“छातीत दुखतं, असं म्हणाली होती?”

“नाही.”

“दम लागायचा?”

“जिना चढताना. वय झालं, म्हणायची.”

“शेवटच्या महिन्यात आणखी काही तक्रार?” आणि त्याने तोंड उघडण्याआधीच ती घाईने म्हणाली, “माहीत नाही, असंही लिहिता येतं. पुष्कळ लोक तसंच लिहितात. त्यात काही वावगं नाही.”

त्याने ते ऐकलं. तसं सांगितलं असतं, तर अक्काने खूण करून पान उलटलं असतं. कोणाला काही कळलं नसतं.

“जबडा दुखतो म्हणाली होती,” तो म्हणाला. “डावीकडून. दोनदा म्हणाली. तीन आठवडे आधी एकदा, आणि त्या सोमवारी.”

अक्काने पेन पुन्हा काढलं. “मग?”

“मी म्हटलं, दाढ असेल. दाखवून घे. ती म्हणाली, ही फेरी संपू दे. मी पुन्हा विचारलं नाही.”

“दाजी, हृदयाच्या दुखण्यातही जबडा दुखतो, हे तिला स्वतःला कळत होतं हो. इतकी वर्षं याच कामात—”

“तिचं ती जाणे. तुम्ही मला विचारलंत. लिहा.”

“दाढेचंही लिहू?”

“तेही. जबडा दुखला, तर लोक दाढच धरणार. मी धरली तशी. डॉक्टरांना कळू दे.”

अक्काने लिहिलं. मग चष्मा काढून डोळे पुसले, आणि त्याने तिला पाणी आणून दिलं. निघताना तिने त्याच्या बायकोची कामाची पिशवी मागितली. ती ऑफिसात जमा करायची होती. त्याने ती पलंगाखालून काढली. वजनकाटा, पट्टा, पेनं, एक रुमाल. रुमाल त्याने ठेवून घेतला. वरच्या कप्प्यात या फेरीची घरांची यादी होती. झालेल्या घरांसमोर तिची बारीक खूण होती, शेवटची त्या आजी-आजोबांच्या आधीच्या घरासमोर.

“ही कोणाकडे देणार?”

“माणूस मिळालं नाही अजून,” अक्का म्हणाली. “मलाच जमेल तशी करायची आहेत.”

दोघांनी मिळून उरलेली घरं मोजली. एकवीस घरं व्हायची राहिली होती.