हाताचं माप

स्वयंपाकघरात जागा पुरत नाही ही तक्रार कुठल्या घरात नसते? डबे वाढत जातात, भिंती काही वाढत नाहीत. समीक्षाची तक्रार मात्र जरा निराळी होती. सिंदी मेघेतल्या त्या घरात फळ्या होत्या, पण तिचा हात त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. उंची चार फूट नऊ इंच. अल्लीपूरला तिच्या माहेरी आलेली सहा-सात स्थळं एवढ्याच कारणावरून पोहे खाऊन परत गेली होती. शेवटी एकतिसाव्या वर्षी लग्न जमलं ते आदेशशी. त्याची पहिली बायको मयुरी तीन वर्षांपूर्वी तापानं गेली होती.

आदेश भला माणूस. देवळीच्या एका शाळेत कारकून होता, सकाळी बसनं जायचा, संध्याकाळी यायचा. समीक्षाच्या उंचीबद्दल त्यानं कधी चकार शब्द काढला नाही. पण घर मयुरीच्या हाताचं होतं. ती चांगली उंच होती, फोटोत आदेशच्या कानाला लागायची. फळ्यांवर अजून तिचेच डबे होते, डब्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. समीक्षाला लग्नात मिळालेली भांडी मात्र आठ महिने दिवाणाखाली खोक्यांत पडून होती. दिवसातून वीस वेळा स्टूल ओढायचं, चढायचं, जिरं काढायचं, उतरायचं, आणि मग आठवायचं की मोहरी वरच राहिली.

एकदा ती स्टुलावरून पडता पडता वाचली, तेव्हा आदेश म्हणाला, "मिस्त्रीले बोलावतो. फळ्या खाली घेऊ, दोन नव्या लावू. तुह्या हाताच्या."

तुह्या हाताच्या. हे दोन शब्द तिला दिवसभर गोड लागत राहिले. ब्लाऊज सोडले तर जगात तिच्या मापानं आजवर काहीच बनलं नव्हतं, आणि आता एक अख्खी भिंत बनणार होती.

पुंडलिकराव मिस्त्री रविवारी आले. मे महिना, सकाळी नऊलाच बाहेर डोळे दिपत होते. टेप त्यांच्या खिशात होता, पण स्वयंपाकघरात ते तो काढत नसत.

"ओट्याजवळ उभ्या राहा, बाई. रोज राह्यता तश्या. आता हात वर करा. ताणू नका... सहज."

बोटांची टोकं जिथं भिंतीला टेकली तिथं त्यांनी पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि शेजारी 'स' लिहिला.

"टेप इंच सांगते," ते म्हणाले. "बाईचा खांदा काऊन दुखते, ते थोडी सांगते!"

समीक्षा हसली. मग त्यांनी जुन्या फळ्या उतरवायला घेतल्या. सगळ्यात वरची निघाली आणि तिच्यामागून तशीच एक रेघ बाहेर आली. पुसट होती, पण शेजारचा 'म' स्वच्छ वाचता येत होता. खालच्या 'स'पासून एक वीत आणि चार बोटं वर.

"हे बी माप मीच घेतलं होतं," पुंडलिकराव हळूच म्हणाले. "दहा वर्षं झाली असतील."

संध्याकाळपर्यंत जुनी भोकं पुट्टीनं बुजली आणि पाच फळ्या लागल्या, सगळ्यात वरची बरोबर 'स'च्या रेघेवर. समीक्षानं दिवाणाखालची खोकी ओढून आपली भांडी काढली, पुसली, मांडली. मयुरीचे डबे ठेवायला जागा उरली नाही, म्हणून ते त्याच खोक्यांत गेले. तिनं आदेशला विचारलं होतं. त्यानं एका डब्यावरची चिठ्ठी बोटानं सारखी केली आणि "ठेव," म्हणाला.

सोमवारी सकाळी चहाचं पातेलं घ्यायला तिनं हात वर केला, तर बोटं नुसत्या भिंतीला लागली. वरची फळी जुन्या जागी होती. तिच्यावरची भांडी जशीच्या तशी, एक वाटीसुद्धा हललेली नव्हती.

पुंडलिकराव पुन्हा आले. त्यांनी फळीखालून बोट फिरवलं. स्क्रू त्यांनी स्वतः बुजवलेल्या भोकांत बसले होते, आणि 'स'च्या रेघेवर, जिथं काल त्यांनी ड्रिल चालवलं होतं, तिथं भिंतीत एकही भोक नव्हतं. त्यांनी फळी काढून पुन्हा खाली ठोकली. मंगळवारी सकाळी ती पुन्हा वर होती.

"तिसऱ्यांदा नाई, बाई," ते दारातूनच हात जोडून म्हणाले. "मले माफ करा."

त्या दुपारी घरात एकटी असताना समीक्षा ओट्याला टेकून पोटभर रडली. रडण्यासारखं काय होतं त्यात, कुणाला सांगायला गेलं असतं तर हसलेच असते. फळीच ती! पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला ताण न देता हात वर करायला सांगितलं होतं, आणि जिथं हात पोचला तीच जागा बरोबर आहे असं म्हटलं होतं. ते एका रात्रीत कुणी काढून घ्यावं, याचा तिला राग आला. आणि राग कुणावर काढायचा, तर भिंतीवर.

"ताई," ती भिंतीला म्हणाली, "तुमची फळी तुमच्याच जागी राहू द्या. मले जागा नाई पाह्यजे. फक्त माहा हात पुरू द्या."

फ्रिजची घरघर थांबली. गॅस बंद होता, ओटा पुसून कोरडा केलेला होता, तरी जिऱ्याच्या फोडणीचा वास आला. क्षणभरच... नुकतीच कुणी कढई उतरवून नेल्यासारखा.

पुढचे काही दिवस बरे गेले. स्टुलावाचून आपलं अडत नाही हे तिच्या लक्षात आलं तेव्हा स्टूल अंगणात मिरच्या वाळत घालायच्या कामी लागलेलं होतं. चहाचं पातेलं, मोठी परात, मागचा कुकर, सगळं हाताशी यायचं. सवय झाली असेल, तिनं मनाची समजूत घातली. बेसिनवरच्या आरशात पूर्वी तिचं कपाळच तेवढं दिसायचं, आता हनुवटी दिसायला लागली. शेजारच्या प्रमिलाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "सासर मानवलं वं तुले!" समीक्षा लाजली. खोटं कशाला बोलायचं, तिला फार आवडलं होतं ते. उंच होण्यासाठी तिनं लहानपणी काय काय केलं नव्हतं!

एका संध्याकाळी आदेश वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "मयू, चहा टाक."

"टाकतो," ती म्हणाली. आलं किसून झालं, दूध वर आलं, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की तो काय म्हणाला. त्याला चूक कळली नव्हती, पण त्यापेक्षा जास्त भीती तिला याची वाटली की ती स्वतः ओ देऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पुंडलिकरावांना फोन करून गळ घातली. ते आले, उंबऱ्यातच थबकले आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"फळीले हात लावू नका," ती म्हणाली. "फक्त माप घ्या. माहं."

ती ओट्याजवळ उभी राहिली, हात सहज वर केला. तिची बोटं थेट वरच्या फळीच्या कडेला टेकली, तिथं पुंडलिकरावांनी पेन्सिल नेली. पण टेकवली नाही.

"इथं काय लिहू, बाई?" त्यांचा आवाज खोल गेला होता. "ह्या फळीमागं तं मी दहा वर्षांखालीच निशाणी मारून ठेवली आहे..."

चहा न घेताच ते गेले. समीक्षा बराच वेळ वरच्या फळीकडे आणि खालच्या 'स'कडे बघत बसली. तिला हळूहळू उमगत गेलं. फळी भरलेली असली की काहीतरी उतरवल्याशिवाय नवं ठेवता येत नाही. तिनं मयुरीला उतरवून खोक्यात घातलं होतं. आता समीक्षाला उतरवणं चाललं होतं, तिच्याच विनंतीवरून.

अजून वेळ गेलेली नसेल, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं दिवाणाखालून खोकी ओढली, मयुरीचे डबे काढून पुन्हा फळ्यांवर लावले आणि आपली भांडी खोक्यांत भरली. जिरं कुठं, मोहरी कुठं, गोडा मसाला कुणाच्या मागे, एकाही चिठ्ठीकडे न बघता हात डबे लावत गेला. शेवटचं खोकं दिवाणाखाली सरकवून ती उठली, तेव्हा तिचा जीव हलका झाला होता. "झालं, ताई," ती म्हणाली. "घ्या तुमचं."

तेवढ्यात फाटक वाजलं. दुपारचा एक वाजला असेल. अल्लीपूरहून तिची आई, शकुबाई, पापडांची पिशवी घेऊन न कळवताच आली होती. पदरानं कपाळ पुसत ती थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. समीक्षाचं काळीज आनंदानं भरून आलं. आई आली, आता सगळं हिच्यापाशी बोलू, हिच्याबरोबर चार दिवस माहेरी जाऊ. ती वळली.

शकुबाईनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. आणि परक्या बाईशी हसावं तसं जरा अवघडून हसली.

"आमची समीक्षा आहे काय जी घरात? मी तिची आई होय, अल्लीपूरची."

'आई' हा शब्द समीक्षाच्या गळ्यापर्यंत आला. तिला तो स्पष्ट जाणवला. ओठांतून मात्र निघालं ते असं, "या ना, बसा. समीक्षा आत्ताच बाहेर गेली."

स्वतःचा आवाज तिनं ऐकला. तो भरदार होता, या घरात मुरलेला होता, आणि तिचा नव्हता. तिनं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा "बसा ना" एवढंच आलं.

"बसतो," शकुबाई म्हणाली. तिनं पिशवी खाली ठेवली, मग मागं वळून उंबऱ्याबाहेर बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"पण तिची चप्पल तं इथंच आहे, बाई... एवढ्या उन्हात पोरगी अनवाणी कुठं गेली?"